चितळाच्या कळपाला राजा नसतो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

चितळांच्या छायाचित्राखाली ‘कळपाचा राजा आणि त्याच्या माद्या’ अशी ओळ हमखास छापून येते. गोव्यातल्या बोंडला प्राणिसंग्रहालयात सहलीला गेलेली मुलेही मोठ्या शिंगांचा नर दिसला की तेच म्हणतात. ही कल्पना युरोपातल्या तांबड्या हरणावरून आलेली आहे. तिथला नर शरद ऋतूतले काही आठवडे माद्यांचा घोळका राखतो. प्रतिस्पर्धी आला की आधी डरकाळ्यांची चढाओढ, मग दोघे समांतर चालतात आणि त्यातूनही कोणी हटले नाही, तरच शिंगे भिडतात. या काळात खाणे जवळजवळ बंद असल्याने नराचे वजन चांगलेच उतरते.

आपल्या चितळाचे गणित वेगळे. माद्यांचे कळप सैल असतात, रोज जुळतात, रोज फुटतात, राखायचे कोणाला? नर माजावर आलेली एक मादी हुडकतो, माज उतरेपर्यंत तिच्या मागे राहतो, इतरांना हुसकावतो आणि मग दुसरीच्या शोधात निघतो. वर्चस्व कामी येते ते एवढ्याच वेळात.

तेही कायमचे नसते. शिंगे दरवर्षी गळतात. नवी फुटतात तेव्हा त्यांवर रक्तवाहिन्यांची मखमली कातडी असते आणि धक्का लागला तर ती दुखावून शिंग वाकडे वाढते. टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक वाढले की हाड पक्के होते आणि नर कातडी झाडाला घासून काढतो. टेस्टोस्टेरॉन उतरले की शिंगे गळतात. (गळलेली शिंगे साळिंदर कुरतडून खाते, म्हणून ती रानात फारशी सापडत नाहीत.) थंड प्रदेशात सगळ्या नरांचे हे चक्र एकाच वेळी चालते, चितळांत तसे नाही. एकाच कळपात एकाची शिंगे पक्की, दुसऱ्याची मखमली, तिसरा बोडका. कालचा दांडगा शिंगे गळताच पक्क्या शिंगांच्या पोरसवदा नरापुढेही माघार घेतो. मखमली शिंगांचे नर भांडलेच, तर मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी.

कुंपणातल्या चितळांसाठी हे फार महत्त्वाचे. रानात हरलेला नर निघून जातो, कुंपणात कोपऱ्यात अडकतो. मखमली शिंग जाळीवर आपटून फुटते आणि जखमेत अळ्या पडतात. म्हणून कोपरे गोलाकार हवेत, मध्ये बांबूचा किंवा झुडपांचा आडोसा हवा आणि चारा एकाच गव्हाणीत न टाकता दूरदूर तीन-चार ठिकाणी टाकावा, म्हणजे एकाच नराला सगळा अडवता येत नाही. पक्की शिंगे कापली तर दुखत नाहीत, हे खरे. पण त्यासाठी चितळ धरावे लागते, आणि धरपकडीच्या धसक्याने स्नायू निकामी होऊन ते दगावू शकते. त्यापेक्षा नरांची संख्याच मर्यादित ठेवणे बरे. मात्र एकच नर वर्षानुवर्षे ठेवू नये. मादी पाडसे दुसऱ्या वर्षीच माजावर येतात, त्याआधी त्यांचा बाप असलेला नर बदलायला हवा, म्हणजे बाप-लेकीची जोडी जुळत नाही.

वरचढ नर ओळखायचा तर शिंगे मोजू नका. पाण्यावर किंवा चाऱ्यावर कोण आल्यावर कोण बाजूला होतो, ते टिपत जा. भेकर या छोट्या हरणाची शिंगे तर वीतभरही नसतात. त्याच्या नरांच्या झुंजीत खरी जखम होते ती वरच्या सुळ्यांनी.

आपला,
एक वन्यजीव अभ्यासक, फोंडा