टोमॅटोच्या बरण्या भरण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

हंगामातले टोमॅटो बरण्यांत भरायचं मनात आहे ना, मग आधी आंबटपणाचं बघ, कारण नुसत्या उकळण्याने भागत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत असतो आणि त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपं, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. कमी आंबट पदार्थ हवाबंद करून बाहेर ठेवला की ते वाढतात, विष तयार करतात. त्या विषाला ना वास, ना चव. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट) 4.6 किंवा त्याहून कमी असेल तर मात्र ते वाढू शकत नाहीत.

टोमॅटो नेमका त्या सीमेवर असतो. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत बाटलीतला लिंबूरस 15 मिली किंवा सायट्रिक आम्ल पाव छोटा चमचा आधीच घालून ठेव. ताजं लिंबू नको; प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा. फार आंबट लागलं तर साखर घाल, पण रस कमी करू नकोस.

टोमॅटो सोलून, ठेचून 5 मिनिटं उकळ आणि गरमच भर. वर 13 मिलिमीटर जागा सोड, अडकलेली हवा काढ, काठ स्वच्छ पूस. काठावर एक बी जरी राहिली तरी झाकण धरत नाही. झाकण दर वेळी नवं घे. झाकणावरचं फिरकीचं कडं बोटांनी बसेल इतकंच आवळ, नाहीतर आतली हवा निघणार कशी? मग बरण्या मोठ्या पातेल्यात पाण्यात उभ्या ठेव; त्यांच्यावर 3 ते 5 सेंटिमीटर पाणी हवं. ते खळखळू लागल्यापासून 35 मिनिटं मोज. समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर राहत असशील तर 40, 900 ते 1800 मीटरच्या दरम्यान 45. उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

कांदा, लसूण, मिरची यात मुळीच घालू नकोस, त्यांनी आंबटपणा उतरतो. मटार, शेंगा, मका हे कमी आंबट, त्यांना दाबाखाली साधारण 116 अंशांची उष्णता लागते. त्यासाठीचं खास भांडं नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये ठेव: मटार दीड मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून उणे 18 अंशांवर. उकळणं टाळलंस तर त्यातली विकरं (एन्झाइम) थंडीतही रंग-चव बिघडवत राहतात.

24 तासांनी झाकणाचा मध्य दाबून बघ. टिकटिकला तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेव आणि तीन-चार दिवसांत संपव. पुढे कधी झाकण फुगलेलं किंवा कडेने पाझरलेलं दिसलं तर चाखूनसुद्धा पाहू नकोस गं, तशीच टाकून दे.

तुझी,
आई