पिशवी काढायची घाई नको

सोलापूर

प्रिय सुनंदा,

गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा तपासल्याचा तुझा रिपोर्ट मिळाला. काल फोनवर तुला रडूच आवरत नव्हतं, म्हणून लिहून कळवतेय. दाजींनाही हे वाचायला दे.

त्या कागदावर कॅन्सर असं कुठेही लिहिलेलं नाही. 'सीआयएन २' लिहिलंय, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड, दुसऱ्या पायरीचा. गर्भाशयाच्या तोंडावर पेशींचे थर असतात. बिघाड खालच्या एक तृतीयांश थरात असेल तर १, दोन तृतीयांशापर्यंत गेला तर २, त्याहून वर चढला तर ३. या थरांच्या खाली एक पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी तो फोडून आत शिरल्या की मग कॅन्सर. तुझ्या तुकड्यात तो पडदा शाबूत आहे.

हे एचपीव्ही विषाणूमुळे होतं. तो 'कुणाकडून आला' म्हणून घरात तमाशा करू नका, हात जोडते. संबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातोही. काहींच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

आता तुझ्या डॉक्टरांचं 'दोन मुलं झालीत, गर्भाची पिशवीच काढून टाका'. मला याचाच राग आलाय. तुझी कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं तोंड यंत्रातून मोठं करून बघायची तपासणी, झालेली नाही, तुकडा नुसत्या नजरेच्या अंदाजाने घेतलाय. शेजारी त्याहून वाईट काही दडलं असेल तर? तसा कॅन्सर असला तर त्याचं ऑपरेशन वेगळं आणि मोठं असतं. साधी पिशवी काढून मोकळं झालं की पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आणि काही नसलं तर चांगला अवयव फुकट गेला. वर पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर चाळिशीच्या आतच पाळी जाऊन हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आपल्या बीडमध्ये काय झालं ते तुला मी सांगायला नको. २०१९ च्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितीजणींना 'कॅन्सर होईल' एवढंच सांगितलं होतं!

कॉल्पोस्कोपीला घाबरू नकोस. आमच्या ओपीडीत मी रोज बघते. टेबलावर झोपायचं, डॉक्टर दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघतात. आधी पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात, थोडं चुणचुणतं. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा पडतो. मग आयोडीन लावलं की चांगली कातडी गडद चॉकलेटी होते, कारण तिच्यात ग्लायकोजेन असतं. बिघडलेली पिवळटच राहते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बघतच राहिले होते, इतकी स्पष्ट हद्द दिसते.

तुझ्या वयात, मुलं झालेली असताना, बहुधा लीप करतील. त्या जागेपुरती भूल देऊन तारेच्या बारीक, विजेवर तापलेल्या फासाने तेवढाच भाग कापून काढतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. निघालेला तुकडा पुन्हा तपासायला जातो, म्हणजे आत काही लपलं असेल तर कळतं. नुसतं गोठवून किंवा जाळून टाकलं तर तपासायला काही उरत नाही. नंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखं किंवा लालसर जातं. तेवढे दिवस संबंध नको, हंडा-कळशी उचलणं नको. दाजींना हे ठणकावून सांग.

एकदा काढलं म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. सहा महिने ते वर्षभरात पुन्हा तपासणी, आणि पुढेही काही वर्षं. पिशवी काढली असती तरी ही तपासणी चुकली नसतीच. आपल्या शेजारच्या धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी करून दोष निघालेल्यांवर उपचार केले, तर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुझ्या जाऊबाईंना आणि शेजारच्या मंगलवहिनींनाही घेऊन ये.

पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी निघ. त्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुझा तुकडा) मागून घे, देत नसतील तर दाजींना पाठव; आमच्याकडे परत बघतील. मुक्काम माझ्याकडेच.

तुझी,
वैशाली