पेला शनिवारीच बघायचं

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सुमाताईशी बोलणं झालं. शुक्रवारी दुपारी मिनियापोलिसहून निघून चार तासांत तिच्याकडे दे मॉइनला पोहोचायचं, शनिवारी पेला (आयोवा राज्यातलं, डच लोकांनी वसवलेलं गाव), रविवारी तिच्याच घरी आराम करून परत. रविवारी पेला केलं तर तिला सोयीचं होतं, पण तो बेत मी मोडला. रविवारी तिथली बेकरी बंद, पवनचक्की बंद, बाजारही जवळजवळ सगळा बंद.

याचं कारण गावाच्या जन्मातच आहे. नेदरलँड्समधल्या सरकारी चर्चमधून फुटून निघालेल्या लोकांना तिथे दंड, छळ सोसावा लागला. त्यातले सुमारे ८०० जण हेन्ड्रिक स्कोल्टे या पाद्र्यामागे बाल्टिमोर, सेंट लुइस करत १८४७ मध्ये आयोवाच्या माळावर आले. जुन्या काळी ख्रिस्ती लोकांनी जिथे आसरा घेतला त्या गावाचं नाव त्यांनी नव्या गावाला दिलं. पहिला हिवाळा बऱ्याच जणांनी जमिनीत खणलेल्या, गवताने शाकारलेल्या खोपटांत काढला. रविवार पाळायची त्यांची रीत गावाने अजून सोडलेली नाही.

बाबा, वेंगुर्ल्याच्या डच वखारीची तुम्हाला आठवण येईलच. ती १६३७ ची, व्यापारी कंपनीची. पेलाचे डच दोनशे वर्षांनंतरचे आणि आले ते शेती करायला. देश तोच, माणसं अगदी वेगळी.

दे मॉइनहून १६३ नंबरच्या रस्त्याने पाऊण तास लागतो. ट्युलिपचा उत्सव असल्यामुळे चौकाजवळ गाडी लावायला जागा मिळणार नाही, लांब लावून चालावं लागेल. म्हणून आठला निघू. आई, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. बाबांच्या गुडघ्याचा पट्टा हातातल्या पिशवीत ठेव. आणि स्वेटर हवाच. मे महिना म्हणून फसू नका, माळावरचा वारा बोचतो.

आधी बेकरी, कारण दहानंतर रांग रस्त्यावर येते. यार्स्मा बेकरी १८९८ ची. तिथे ‘डच लेटर’ घ्यायचं: इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचं, खारीसारखे पापुद्रे, आत वाटलेल्या बदामाचं सारण, वर साखर. आई, तुझा शनिवार असतो म्हणून आधीच सांगतो, सारणात अंडं असतं. तुझं बांधून घेऊ, रविवारी खा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र गरम करायचं नाही, पापुद्रे चामट होतात. ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं पुरे. खाटकांच्या दुकानातलं कड्याच्या आकाराचं बोलोना सॉसेज इथे प्रसिद्ध आहे, पण त्यात बीफ किंवा पोर्क असणार, ते आपण सोडू.

अकराला क्लॉकनस्पेलसमोर उभं राहायचं. १४७ घंटांचं हे घड्याळ वाजायला लागलं की खिडक्या उघडतात आणि गावच्या इतिहासातल्या माणसांच्या बाहुल्या हलू लागतात. अकरा चुकलं तर एक वाजता परत असतं.

मग पवनचक्की, आणि तिथे घाई करायची नाही. व्हरमीर मिल २००२ मध्ये उभी राहिली, उंची १२४ फूट, लाकूडकाम नेदरलँड्समध्ये करून इथे आणून जोडलं. ती शोभेची नाही, खरोखर गहू दळते. आई, तू जात्यावर दळलेली आहेस, तुला यातलं सगळ्यात जास्त कळेल. खालची तळी स्थिर, वरची फिरते. दगडांना टाकी लावावी लागते तीही आपल्यासारखीच, रेघा बुजल्या की पीठ नीट पडत नाही. फरक एवढाच की खुंट्याच्या जागी पात्यांचा आडवा दांडा आहे. तो मोठं लाकडी दातेरी चाक फिरवतो, त्यावरून उभा खांब फिरतो आणि त्यावरून वरची तळी.

चक्कीवाल्याचं निम्मं काम वाऱ्याशी असतं. वारा दिशा बदलतो, म्हणून तो बाहेरच्या सज्जावरून चाक ओढून माथा पात्यांसकट वाऱ्याकडे वळवतो. पात्यांच्या जाळीवर कापड असतं, वारा वाढला की ते गुंडाळतो. नाही गुंडाळलं तर पाती आवरेनाशी होतात, आणि भर वेगात ब्रेक दाबला तर लाकडावर लाकूड घासून आग लागू शकते. धान्य संपलं तरी धोकाच, दगडावर दगड घासतो आणि ठिणग्या उडतात. तळ्या फार जवळ आल्या की पीठ तापून करपल्याचा वास येतो. म्हणून चक्कीवाला पीठ सारखं अंगठ्यात आणि बोटात चोळून बघत असतो. तू तेच करतेस! जिन्याचं काय करायचं ते तिकीट काढतानाच विचारू. बाबांना चढणं नको वाटलं तर खालच्या दालनातही बघण्यासारखं बरंच आहे.

दुपारच्या मिरवणुकीआधी डच पोशाखातली माणसं बादल्या आणि खराटे घेऊन रस्ता घासून धुतात. ते बघायला बाकांची तिकिटं मी आधीच काढतो, फुटपाथवर तासभर उभं राहणं तुम्हाला झेपणार नाही. लाकडी बुटांत ती मंडळी जाड लोकरी मोज्यांचे थरावर थर घालतात, नाहीतर पाय सोलून निघतात. आवडले म्हणून विकत घ्याल, पण घालून चालायला जाऊ नका.

फुलांचा भरवसा देता येत नाही. कंद ऑक्टोबरात लावतात, हिवाळाभर थंडी मिळाली तरच वसंतात फुलतात. उत्सवाची तारीख ठरलेली, पण एप्रिल तापला तर पाकळ्या आधीच गळतात आणि नुसते दांडे उरतात. ट्युलिप गेले असले तरी पवनचक्की असेलच.

सुमाताईसाठी आमसुलं आणि आंबापोळी आणा आणि विमानतळावर कस्टम्सवाल्यांना तसं सांगा. ताजा हापूस आणू नका, तो काढून घेतात. बाबा, गोळ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, जवळ ठेवा, चिठ्ठीसकट.

तुमचा,
नंदू