नकटीचं नाक आणि बाबांची कवळी

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला घेतलं की आई मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि बाबा "हां हां, ठीके" म्हणून फोन आईकडे देऊन मोकळे होतात, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. जरा मोठं झालंय, चष्मा लावून निवांत वाचा.

परवा पिल्लूला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. वरचे पुढचे दोन पडून चार महिने झाले तरी नवीन यायचं नाव नाही, आणि आई, तू रोज सकाळी "आले का गं" विचारतेस त्यामुळे मलाही टेन्शन आलं होतं. त्यांनी अख्ख्या जबड्याचा एक्सरे काढला, ओपीजी म्हणतात त्याला, आणि स्क्रीनवर लावला. मी दचकलेच. एवढ्याशा तोंडात दातांच्या दोन-दोन ओळी! दुधाचे आपापल्या जागी, आणि कायमचे आत हाडात दाटीवाटीने, तिरके, एकमेकांच्या खांद्यावर, गणपतीच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर माणसं असतात ना तसे. वरचे सुळे तर पार नाकाच्या बाजूला, जवळजवळ डोळ्यांखाली जाऊन बसलेले. डॉक्टर म्हणाले दुधाचे 20, पुढे 32 व्हायचेत, तेवढ्यांना जागाच अजून तयार नाहीये, जबडा वाढायचाय. डोकं म्हणे सहा-सात वर्षांपर्यंत जवळपास मोठ्या माणसाएवढं होऊन जातं, चेहरा मात्र मागून सावकाश येतो आणि खालचा जबडा सगळ्यात शेवटी. मुलींचा साधारण पंधरा-सोळाला थांबतो, मुलांचा अठराच्या पुढेही चालू राहतो. तर दात येतील, काळजी नसावी.

पण मला काही झोप लागेना. रात्री तो अल्बम काढला, काळ्या पानांचा, मधे बटर पेपर असलेला, जो तू मला लग्नात दिलास आणि नंतर तीनदा परत मागितलास. 1986 चा स्टुडिओतला फोटो आहे बघ, मी सहा महिन्यांची, गालावर रुपयाएवढी तीट, आणि सगळं कपाळच कपाळ. खाली कोपऱ्यात डोळे-नाक-तोंड कसंबसं बसवलेलं. आधी मला वाटायचं मीच अशी होते, पण सगळीच बाळं तशी असतात, जन्मताना कवटीचा मेंदूवाला भाग चेहऱ्याच्या साधारण आठपट असतो, मोठेपणी तो दोन-अडीचपटीवर येतो. म्हणजे आपण मोठे होतो म्हणजे काय, तर चेहरा कपाळाखालून हळूहळू बाहेर येतो! आणि डोळे म्हणे जन्मभर तेवढेच राहतात असं आपल्याकडे जो तो सांगतो ना, ते पण खोटं निघालं. बाळाचा डोळा 16-17 मिलिमीटरचा असतो, मोठ्या माणसाचा 24 च्या आसपास. फक्त त्यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच उरकते, बाकीचा चेहरा मागे रेंगाळतो, म्हणून लहान मुलं सगळी डोळेवाली दिसतात.

त्याच्या पुढच्याच पानावर आजी मला पायावर घेऊन बसलीये. आठवतंय ना, तेल लावून झालं की चिमटीत नाक धरून ओढायची, आणि "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, मला नको बाई" असं म्हणत म्हणत. सगळ्याच बाळांचं नाक बसकं असतं, वरचा जबडा पुढे आणि खाली सरकत वाढतो तसं ते आपोआप वर येतं, हे त्या माऊलीला कोण सांगणार. मी तेरा वर्षांची झाले आणि आलं की नाक, तेही बाबांचं, बाकीचा चेहरा यायच्या आधी एकटंच पुढे येऊन उभं राहिलं. त्या दिवाळीत आत्या दारातूनच ओरडली, "अगं बाई, ही तर आमचा दादाच!" तोपर्यंत जन्मभर सगळे आईवर गेलीये म्हणायचे. मी बाथरूममध्ये जाऊन तासभर रडले होते, आणि आजी बाहेर सगळ्यांना सांगत होती की माझ्या हातचं नाक आहे ते.

आई, तू तेव्हा दाराबाहेरून एवढंच म्हणालीस, "थांब गं जरा, बाकीचं मागून येतंय." मला वाटलं समजूत घालतेयस. आता कळतंय की तू अगदी डॉक्टरांचंच बोलत होतीस, नुसता एक्सरे तेवढा काढला नव्हतास. मागून हनुवटी आली, गाल उतरले, नाक आपलं जागच्या जागी बसलं. (अर्थात अजूनही साइडने फोटो काढू देत नाही मी कुणाला.)

आता बाबा, तुमच्याकडे येते. रागावू नका.

नोव्हेंबरात आम्ही आलो होतो तेव्हा तुमचा हयातीचा दाखला फोनवरून काढला ना आपण, चेहरा स्कॅन करून. दोनदा जमलं नाही, मग खिडकीपाशी उजेडात बसवलं, पिल्लू मागून मान घालून "आजोबा, डोळे मिचकवा, मिचकवा" करत होती आणि तुम्ही हसलात. तो फोटो मी नंतर काढलाय, दोघांची बोळकी अगदी सारखी, तिला दात यायचेत आणि तुमचे जाऊन सात वर्षं झाली. सारखा बघते मी तो. मुलांचं आधार 5 व्या आणि 15 व्या वर्षी परत अपडेट करायला लावतात, चेहरा-बोटं बदलतात म्हणून. पण मोठ्यांचे बदलत नाहीत असं थोडंच आहे! कान तर आयुष्यभर लांब होत राहतात, इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 206 जणांचे कान मोजून काढलं होतं, वर्षाला साधारण 0.22 मिलिमीटर. तेव्हा आई, कानाची भोकं ओघळली म्हणून त्या जड कुड्यांनाच दोष देऊ नकोस.

तर मुद्दा कवळीचा. तुम्ही म्हणता ती हलते, लागते, पैसे फुकट गेले. मी तिथे विचारून आले. दात गेले की ते ज्या हाडात बसलेले असतात ते हाड झिजत जातं, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठ आत जातात, आणि सात वर्षांपूर्वीच्या मापाची कवळी मग हलणारच. कवळी बनवणाऱ्याची चूक नाही, तुमचीही नाही, जबडा बदललाय. ती टाकायची पण गरज नाही कदाचित, आतून परत भरून मापाची करून देतात, आधी तपासून मग सांगतील म्हणाले. आणि बाबा, तुम्ही वरणात कुस्करून चपाती खाताय आणि लोकांना सांगताय की मला आता चपाती आवडत नाही, हे मला आईने सांगितलंय. तिला ओरडू नका. मी तेरा वर्षांची असताना तुम्ही मला नाकासाठी काही करू दिलं नाहीत ते बरंच झालं, पण हे मागून आपोआप येणाऱ्यातलं नाही.

शनिवारी सकाळी साडेअकराची वेळ घेतलीये. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय, पिल्लूही येतेय, तिला म्हणे आजोबांचा ओपीजी बघायचाय. कवळीची डबी फ्रिजवर पंचांगाच्या मागे आहे, सोबत घ्यायला विसरू नका.

तुमची
नकटी