शोधनिबंधाआधी पेटंटचा अर्ज करा

महोदय,

विद्यापीठांतले कितीतरी चांगले शोध पेटंटच्या दारातच अडतात, कारण शोधनिबंध आधी छापून येतो आणि शोध कायद्याच्या दृष्टीने नवा उरत नाही. अमेरिकेत संशोधकाला प्रकाशनानंतरही अर्ज करायला वर्षभराची सवलत मिळते. आपल्या १९७०च्या कायद्यात ती फार तोकडी आहे: विद्वत्सभेत वाचलेला निबंध, सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच. शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) खुला झालेला प्रबंधही नावीन्य घालवतो.

म्हणून निबंध पाठवण्यापूर्वीच विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाला (शोध उद्योगांपर्यंत नेणाऱ्या विभागाला) लेखी कळवावे: प्रयोगवहीतल्या तारखा, प्रत्येकाचा वाटा (विद्यार्थ्यांचाही!), निधी कोणाचा. तात्पुरता अर्ज केल्यावर संपूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सूट आहे.

कंपनीला मालकी विकण्यापेक्षा परवाना द्यावा, आणि ठरल्या मुदतीत उत्पादन न आल्यास तो रद्द करण्याची अट करारात हवीच.

– एक पेटंट सल्लागार, पुणे