घर आता तुमच्या दोघांच्या मापाचं करा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, घराला कळा राहिली नाही, नवा सोफा घ्यावा, भिंतींना रंग काढावा. मागून आई म्हणाली, "कशाला उगाच?" आणि विषय तिथंच राहिला. मला दोघांचंही पटलं. घर जरा उजळायला हवं हे बाबांचं खरं, आणि त्यासाठी काही विकत आणायला नको हे आईचंही खरं. पण फोनवर मी सांगायला लागले की बाबा "हं, बघू" म्हणतात. म्हणून लिहितेय.

मला वाटतं, अडचण सोफ्याची नाहीच. आपलं घर अजून आमच्यासाठी मांडलेलं आहे. हॉलमध्ये आठ माणसं बसतील अशी सोय, खिडकीशी माझं अभ्यासाचं टेबल, आतल्या खोलीची एक अख्खी भिंत दादाच्या पुस्तकांची. रोज राहणारी माणसं मात्र दोन. त्यातल्या एकाला पेपर वाचायला उजेड पुरत नाही आणि दुसरीला सोफ्यातून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. नवा सोफा त्याच जागी आणून ठेवला तर यातलं काय बदलणार?

आधी एक करा. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून फोनवर फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी निवांत बघा. रोजच्या गोष्टी आपल्याला दिसेनाशा होतात. त्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्यानं 1804 मध्येच नोंदवलंय की एका बिंदूवर नजर खिळवून ठेवली तर कडेला स्थिर असलेल्या गोष्टी थोड्या वेळात पुसट होत जातात. ते डोळ्यापुरतं झालं, पण घराच्या बाबतीत मनाचंही तसंच होत असावं. फोटोत मात्र सगळं दिसतं: लोंबणाऱ्या वायरी, तिरकी फ्रेम, शोकेसवर चढवलेली खोकी, टीव्हीशेजारी कुणी न उघडलेली मासिकं. निम्मं काम हे उचलण्यातच होईल.

त्यानंतरचं काम बाबांचं. बाबा, तुमची टेप आणि आलेखाचा कागद काढा. एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट असं प्रमाण धरून हॉलचा नकाशा काढा. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडक्या कुठं, प्लग कुठं, तेही दाखवा. मग सोफा, खुर्च्या, टीपॉय, शोकेस यांचे त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि कागदावर हवे तसे फिरवा. एकही जड वस्तू न हलवता दहा मांडण्या करून बघता येतात. एखादी आवडली की रद्दीचे पेपर त्या त्या आकारात जमिनीवर चिकटवा आणि दिवसभर त्यांच्याभोवती वावरा. कुठं अडतंय ते पायांना लगेच कळतं. येण्याजाण्याची वाट तीन फूट मोकळी ठेवा, विशेषतः पलंगापासून बाथरूमपर्यंतची. सोफा आणि टीपॉय यांच्यात दीड फूट अंतर असावं असं सांगतात. आईच्या गुडघ्यांसाठी मी थोडं जास्तच ठेवीन.

सोफा टाकू नका, पण त्याची पाटीलकी काढून घ्या. तो खोल आणि बुटका आहे, त्यातून उठणं तुम्हा दोघांनाही जड जातं. जेवणाच्या टेबलाशी हात असलेल्या दोन लाकडी खुर्च्या आहेत ना, त्या उंच आहेत आणि उठताना हाताला आधार मिळतो. त्या हॉलच्या खिडकीशी आणा, एकमेकींना काटकोनात, मध्ये छोटं स्टूल. तोंडासमोर तोंड करून बसलं की मुलाखत दिल्यासारखं वाटतं, आणि एका रांगेत बसलं की दोघंही टीव्हीच बघतात. काटकोनात बोलणं होतं. सोफा मागच्या भिंतीला जाऊ दे, आम्ही आलो की लोळायला होईल. मात्र तो भिंतीला चिकटवू नका, चार बोटं पुढे घ्या. सगळं सामान भिंतीला टेकवलं की मधली जागा मोठी दिसते खरी, पण खोली दवाखान्याच्या वेटिंगरूमसारखी होते.

आता उजेड. माझ्या मते घर मरगळलेलं दिसायचं मुख्य कारण हेच आहे, रंग नाही. वय वाढतं तसं डोळ्याच्या बाहुल्या लहान होतात आणि आतलं भिंग पिवळसर होत जातं. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेडच पोहोचतो. म्हणजे आम्हाला लख्ख वाटणारी खोली तुम्हाला मळकट दिसणार, त्यात तुमचा काही दोष नाही. आपण मात्र छतालगतच्या एका ट्यूबवर सगळी खोली भागवतो. शोकेसमधला टेबललॅम्प प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा न काढता तसाच बसून आहे. तो बाहेर काढा आणि वाचायच्या खुर्चीच्या बाजूला, खांद्याच्या थोडा मागे ठेवा, म्हणजे पुस्तकावर उजेड पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही. बाबांना आवडेल असं एक गणित: दिवा आहे त्याच्या निम्म्या अंतरावर आणला की उजेड जवळपास चौपट होतो, कारण तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो. चार फुटांवरचा दिवा दोन फुटांवर आला की झालं, बल्ब तोच.

बल्बवर किंवा खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. 2700 च्या आसपास असेल तर उजेड पिवळसर, 6500 असेल तर निळसर पांढरा. घरातले बल्ब आता कुठलाही कुठंही लागलेत. पिवळसर असतील ते बसायच्या नि झोपायच्या जागी लावा, पांढरे असतील ते स्वयंपाकघरात आणि जिथं बारीक बघायचं असतं तिथं. नुसत्या अदलाबदलीनं फरक पडतो. बटण बंद करून, दिवा गार झाल्यावर शेड पुसून घ्या, त्यांवर धूळ किती असते ते हात लावल्याशिवाय कळत नाही.

आतल्या कपाटामागे उभा करून ठेवलेला आरसा आठवतो? तो हॉलमध्ये खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर शोभेल. खिडकीच्या अगदी समोर लावला तर ऊन थेट डोळ्यांवर येईल. बाजूच्या भिंतीवर असला की आलेला उजेड आत पसरेल. फक्त लावण्याआधी त्याच्यात काय दिसणार ते बघा. समोर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असेल तर तो दुप्पट दिसेल.

पडद्यांचा दांडा खिडकीच्या चौकटीला घट्ट बसवलाय, त्यामुळे पडदे उघडले तरी काचेचा बराच भाग झाकलेला राहतो. दांडा चौकटीच्या वीतभर वर आणि दोन्ही बाजूंना आणखी वीतभर बाहेर गेला की पडदा भिंतीवर सरकतो आणि काच पूर्ण मोकळी होते. दांडा लांबीला पुरतो का ते मोजून ठेवा, नाहीतर दुसऱ्या खोलीतला लांब दांडा इकडे आणू. पडदे आखूड पडतील, पण आई, तुझ्याकडे कापडाचे तुकडे कमी आहेत का? खाली गडद पट्टी जोड.

कापडांच्या बाबतीत तुझंच चालेल, तरी एक सुचवते. भिंगाच्या त्या पिवळेपणामुळे निळ्या-हिरव्या छटांमधला फरक वयानुसार ओळखू येईनासा होतो. फिकट फरशीवर फिकट सोफा, त्यावर फिकट निळे अभ्रे, म्हणजे तुमच्या डोळ्यांना सगळं एकच. तांबड्या आणि केशरी चादरी ट्रंकेत घडी घालून पडल्यात, त्यांचे अभ्रे शिव. सोफ्याच्या कडेला गडद गोधडी टाक, म्हणजे बसताना कड कुठं आहे ते दिसेल. गालिचा उलटा फिरवा, दाराकडची बाजू खिडकीकडे, म्हणजे झिजणं आणि विटणं दोन्ही सारखं होतं.

पण ती छोटी पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या वाटेतून काढाच. यावर मी ऐकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणं जगभरात दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि जीवघेणं पडणं सर्वांत जास्त साठीपुढच्यांत आहे. त्यातली नक्षीची सतरंजी इतकी सुंदर आहे की ती भिंतीवर टांगायला हवी. तिथं तिला कुणी अडखळणार नाही आणि ती रोज दिसेल.

शोकेसमध्ये सगळंच्या सगळं मांडलंय, म्हणून काहीच दिसत नाही. ब्रिटिश म्युझियमकडे 80 लाखांच्या घरात वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे 80 हजार, म्हणजे शंभरात एक. आपण निम्म्या तरी आत ठेवू. उरलेल्या खोक्यात घालून वर नाव लिहा आणि ऋतू बदलला की अदलाबदल करा, दर वेळी घरात काहीतरी नवं आल्यासारखं वाटेल. वस्तू तीन-तीनच्या गटात मांडाव्यात असं म्हणतात, मला ते काही फार पटत नाही. उंचीत फरक आणि मध्ये मोकळी जागा, एवढं पुरतं. पाहुण्यांसाठी जपलेले कप मात्र परत आत ठेवू नका. त्यातून रोज चहा प्या. फुटला एखादा तर फुटला.

तुमच्या लग्नाचा फोटो उन्हाच्या भिंतीवर आहे, तो आधी उतरवा. संग्रहालयात कागदावरच्या जुन्या नाजूक गोष्टींवर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू देत नाहीत आणि आपण तो ऊन खायला ठेवलाय. मूळ फोटो अल्बममध्ये जाऊ दे, फ्रेममध्ये प्रत लावू. फ्रेमा लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवायची पद्धत आहे, पण ती उभ्यानं बघणाऱ्यांसाठी. तुमच्या खुर्च्यांसमोरच्या भिंतीवर वीतभर खाली घ्या. सगळ्या फ्रेमांच्या आकाराचे पेपर कापून आधी भिंतीवर चिकटवून बघा, खिळे नंतर.

गॅलरीतल्या वेलाच्या दोन फांद्या पेराखाली कापून काचेच्या बाटलीत, पाण्यात ठेवा, मुळं फुटतात. पाणी आठवड्याला बदला.

माझ्या टेबलाचं राहिलं. ते माझं म्हणून तसंच ठेवू नका. त्यावर आईचं शिवणयंत्र ठेवा, दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला तिथंच येतो. आणि आई, खणातल्या माझ्या वह्या बघून गहिवरू नकोस, रद्दीत घाल. चित्रकलेची एक वही ठेवलीस तर चालेल.

शोकेस, कपाट आणि आरसा यांना मी येईपर्यंत जागचं हलवायचं नाही. आरसा जड आहे, त्याला भिंतीत नीट पकड लागेल, आणि उंच कपाट भिंतीला अडकवून टाकायचंच आहे. तोवर खुर्च्या, दिवे, अभ्रे एवढंच करा. स्टुलावर चढायचं काम कुणीही करायचं नाही, हे बाबांसाठी. सोफा सरकवायचाच झाला तर शेजारच्या मुलाला हाक मारा आणि पायांखाली जुनं ब्लँकेट घडी करून घाला, म्हणजे उचलावा लागणार नाही आणि फरशीवर ओरखडे येणार नाहीत.

नकाशा झाला की फोटो पाठवा. दादाच्या पुस्तकांचं काय करायचं ते त्यालाच विचारा, मी त्यात पडत नाही.

तुमची,
धाकटी