पंप नको, माती नको: माधवला गॅलरीतल्या भाजीबद्दल

नाशिक, १८ ऑक्टोबर

प्रिय माधव,

तुझा निरोप वाचला. गॅलरीत मातीचं ओझं नको, पंप नको, वायर नको आणि तरी घरची भाजी हवी. या सगळ्या अटींत बसणारी पद्धत आहे आणि ती उत्तम चालते. दुकानदाराने दाखवलेला तो पाइपांचा संच मात्र घेऊ नकोस. त्यात पाणी सतत फिरावं लागतं. वीज गेली की पाइपातला पाण्याचा पातळ थर ओसरतो आणि डोंबिवलीच्या उन्हात रोपं दोन-तीन तासांत माना टाकतात. तुला हवी ती हायड्रोपोनिक्समधली (मातीविना, खताच्या पाण्यावर रोपं वाढवण्यातली) स्थिर पाण्याची पद्धत. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बी. ए. क्रॅटकी यांनी तिथल्या हिलो गावी ती लेट्यूससाठी बसवली, म्हणून तिला क्रॅटकी पद्धत म्हणतात.

यात खताचं पाणी एकदाच भरायचं. वर झाकण, झाकणाला भोकं, भोकात जाळीचे कप आणि कपात रोप. सुरुवातीला पाणी कपाच्या बुडाला जेमतेम टेकलेलं असतं. रोप पाणी पितं, पातळी उतरते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेची जागा तयार होते. तिथे उघडी पडलेली मुळं बारीक, केसाळ, पांढरीशुभ्र होतात आणि हवेतून प्राणवायू घेतात. खाली बुडालेली मुळं पाणी आणि खत ओढतात. हवा सोडणाऱ्या पंपाचं काम ही मोकळी जागाच करते.

म्हणून एक गोष्ट आधीच बजावतो: पाणी कमी झालेलं दिसलं म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. हवेची सवय झालेली मुळं बुडाली की गुदमरतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरल्या डब्यावरचं रोप कोमेजतं. तुझा हात कुंड्यांना रोज तांब्याभर पाणी घालण्याचा आहे, तेव्हा सगळ्यात अवघड जाईल ते हेच.

डब्यासाठी थर्माकोलचं खोकं घे. मासळी बाजारात किंवा मोठ्या औषध दुकानात रिकामी मिळतात. प्लॅस्टिकच्या बादलीतही जमतं, पण तुझी गॅलरी पश्चिमेची. दुपारच्या उन्हात बादलीतलं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी २८ अंशांच्या वर राहू लागलं की मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. थर्माकोल ऊन अडवतो. फक्त तो पाझरतो आणि पांढरा असल्याने उजेडही आत सोडतो. दोन्हींवर इलाज एकच, आतून जाड काळ्या प्लॅस्टिकचा अखंड कागद. कोपऱ्यात घड्या घाल, कापू नकोस. झाकणालाही खालून काळा कागद चिकटव. उजेड शिरला की शेवाळ आलंच. बादलीच वापरणार असशील तर आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो.

आतून ५० बाय ३५ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर खोल असं खोकं धरून चालू. झाकणाला सहा भोकं, तीन-तीनच्या दोन ओळी, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १७ सेंटिमीटर. दोन इंची जाळीचा कप काठावर अडकेल, आत पडणार नाही, इतपतच भोक हवं. पातळ कटरने हळूहळू काप. पत्र्याच्या डब्याची कडा तापवून दाबली तरी सुबक भोक पडतं, पण तो धूर घरात नको. कप झाकणाखाली तीनएक सेंटिमीटर उतरतो. पाणी त्याच्या बुडाला अर्धा सेंटिमीटर भिडेल इतकं भर, ते साधारण ३० लिटर होईल. लेट्यूसच्या एका गड्ड्याला लावणीपासून काढणीपर्यंत चार ते पाच लिटर लागतात, म्हणजे सहा रोपांचा हिशोब त्यात बसतो. भरलेल्या खोक्याचं वजन ३० किलोच्या वर जातं, तेव्हा आधी जागेवर ठेव आणि मगच भर. पाण्याच्या कमाल पातळीच्या जरा वर बाजूला एक बारीक भोक पाड आणि त्यावर जाळी चिकटव. पावसाची झड आत गेली तर जादा पाणी तिथून वाहून जाईल.

आता खत. लोक इथेच फसतात. दुकानात पहिल्यांदा १९:१९:१९ पुढे करतील (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम यांचे टक्के). मातीसाठी ते ठीक आहे, इथे नको. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू तो मोडून पिकाला देतात, पण नुसत्या पाण्यात ती फौज नसते. शिवाय त्यात कॅल्शियम अजिबात नाही. आमच्याकडे द्राक्षवाले ठिबकातून सोडतात तीच विद्राव्य खतं तुला सुटी घ्यायची आहेत. कल्याणच्या कुठल्याही बऱ्या कृषी सेवा केंद्रात चौकशी कर.

एक लिटर पाण्याला प्रमाण असं: कॅल्शियम नायट्रेट ०.८ ग्रॅम, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ०.३५ ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.४ ग्रॅम, १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह (साका न होता विरघळलेलं राहावं म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं) ०.०२ ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं (त्यांचं प्रमाण पुढे सांगतो). यातून नत्र सुमारे १७० पीपीएम (लिटरला मिलीग्रॅम), स्फुरद ४५, पालाश १८७, कॅल्शियम १५०, मॅग्नेशियम ३८ आणि लोह २.४ मिळतं. (पालाश-स्फुरद इथे मूलद्रव्य म्हणून मोजलेत. पिशवीवरचे आकडे ऑक्साइडचे असतात, तिथे गोंधळू नकोस.) पालेभाजीला हे पुरेपूर आहे.

इतकी बारीक वजनं दरवेळी कोण करणार? म्हणून एक-एक लिटरची दोन द्रावणं करून ठेव. 'अ' बाटलीत ८० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि २ ग्रॅम चिलेटेड लोह. 'ब' बाटलीत ३५ ग्रॅम १३:०:४५, २० ग्रॅम ०:५२:३४, ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. वापरताना लिटरला प्रत्येकी १० मिली, म्हणजे तुझ्या खोक्याला 'अ' ३०० आणि 'ब' ३००. आधी पाणी घे, त्यात 'अ' घालून ढवळ, मग 'ब'. दोन्ही बाटल्या थेट एकमेकींत कधीही ओतू नकोस. कॅल्शियमचं स्फुरदाशी आणि सल्फेटशी जमून पांढरा साका खाली बसतो. तो पुन्हा विरघळत नाही आणि रोपाच्या उपयोगाचाही राहत नाही. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घे. चमच्याच्या अंदाजाने हे काम होत नाही.

खरेदी करताना पिशवी नीट वाच. बोरॉन घातलेलं कॅल्शियम नायट्रेटही मिळतं, ते टाळ. या प्रमाणात त्यातून २ पीपीएमच्या आसपास बोरॉन जातो आणि पानांच्या कडा करपतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण चिलेटेड हवं आणि त्यात लोह सगळ्यात जास्त हवं. फवारणीच्या बऱ्याच मिश्रणांत जस्त लोहाच्या वरचढ असतं, ती इथे चालत नाहीत. हायड्रोपोनिक्सच्या मिश्रणावर लिटरचं प्रमाण छापलेलं असतं, त्याच्या शंभरपट 'ब' बाटलीत घाल. त्यातूनच लिटरला २ मिलीग्रॅम लोह मिळत असेल तर वेगळं लोह नको. आणि कॅल्शियम नायट्रेट उघडं राहिलं की हवेतला ओलावा ओढून त्याचा राडा होतो, तेव्हा घट्ट झाकणाची बरणी.

पाणी नळाचंच वापर. आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मीटरने बघ. २०० च्या आत असेल तर चिंता नको, ४०० च्या वर असेल तर निम्मं आरओचं मिसळ. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र घेऊ नकोस, सगळे क्षार त्यातच साठलेले असतात. खत घातल्यावर साध्या मीटरवर पाण्याच्या मूळ आकड्यात ८०० ते ९०० ची भर पडलेली दिसेल. उन्हाळ्यात मात्र दोन्ही द्रावणं लिटरला सात-सात मिलीच घाल. कडक उन्हात रोप खतापेक्षा पाणी जास्त पितं, त्यामुळे खाली उरलेलं द्रावण दिवसागणिक कडक होत जातं. पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा. साडेसहाच्या वर चिलेटेड लोह असूनही रोपाला मिळेनासं होतं. पीएच उतरवायला फॉस्फोरिक आम्लाचे थेंब टाक, हातमोजे घालून. लिंबू पिळलं तर आकडा खाली येतो, पण जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि तो पुन्हा चढतो.

रोपांसाठी अडीच सेंटिमीटरचे स्पंजचे तुकडे, वरून चीर दिलेले. कोकोपीट या पद्धतीत मला पसंत नाही. ते पाणी वर ओढत राहतं आणि खोड सतत ओलं राहून बुडाशी कुजतं. लेट्यूसचं बी चिरेत वरवर ठेव, झाकू नकोस, त्याला उगवायला उजेड मदत करतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र ते रुसतं. तीस अंशांच्या आसपास बी झोपीच जातं. ओला स्पंज डब्यात घालून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेव आणि मग बाहेर काढ. पहिली खरी पानं आली की निम्म्या ताकदीचं द्रावण, दोन्हीचे पाच-पाच मिली. स्पंजखाली मुळं तीन-चार सेंटिमीटर लोंबू लागली की कपात बसवून खोक्यावर चढव.

पहिल्या आठवड्यात पातळी हलल्यासारखीही वाटणार नाही. गड्डे भरू लागले की रोज अर्धा-पाऊण सेंटिमीटर उतरते. या खोक्यात एक सेंटिमीटर म्हणजे पावणेदोन लिटर, त्यामुळे पट्टी बुडवली की सहा रोपांनी किती प्यायलं ते कळतं. झाकण उचलून मुळंही बघत जा. वरची पांढरी, केसाळ आणि खालची फिकट पिवळसर असतील तर सगळं ठीक. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील तर ते रोप काढून टाक आणि खोकं सावलीत सरकव.

पालकाचं बी रात्रभर भिजव. आपल्या पालकाचं एक 'बी' म्हणजे बियांचा झुपका असतो आणि एकातून दोन-तीन रोपं येतात. जोमदार ठेव, बाकीची कात्रीने काप, उपटू नकोस. पालक उन्हाला लेट्यूसपेक्षा कितीतरी काटक, आणि बाहेरची पानं खुडत राहिलं की बरेच आठवडे चालतो. इतक्या दिवसांना ३० लिटर पुरत नाहीत, म्हणून पाणी तळाशी चार-पाच सेंटिमीटर उरलं की निम्म्या ताकदीचं द्रावण घाल, पण पातळी सात सेंटिमीटरच्या वर नेऊ नकोस. पालक पानांत नायट्रेट साठवतो आणि दिवसाच्या उजेडात ते वापरलं जातं, म्हणून सकाळऐवजी संध्याकाळी खुडलेला बरा. चुका, लाल माठ, पुदिन्याच्या काड्या हे सगळं जमतं. मेथीसाठी खोकं अडवू नकोस, ती दाट पेरायची भाजी. टोमॅटोच्या तर नादीच लागू नकोस. भर फळांवर असताना एक झाड दिवसाला लिटरभर सहज पितं, तू दोन दिवस गावाला गेलास की संपलंच. फळभाजीची हौस असेल तर २० लिटरच्या बादलीत एकच मिरची.

बिघाड ओळखायचा तर आधी कोणती पानं बिघडली ते बघ. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, पीएच तपास. जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडली तर मॅग्नेशियम, सरसकट फिकी पडली तर नत्र. लेट्यूसच्या आतल्या पानांची टोकं करपली की लोक आणखी कॅल्शियम ओततात. ते पाण्यात असतंच, कोंदट हवेत पानातून बाष्प उडत नाही म्हणून टोकापर्यंत पोचत नाही. थोडा वारा खेळू दे आणि द्रावण सौम्य कर. रोपं उंच, काडीसारखी झाली तर ऊन कमी पडतंय. लेट्यूस कडू झालं तर उकाडा वाढलाय आणि ते फुलावर येऊ घातलंय, लगेच काप. मावा आला तर पानांच्या मागून पाण्याचा फवारा. नाही हटला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी.

डासांचं सोसायटीत कुणी बोलण्याआधीच बघून घे. साचलेलं पाणी आहे, कपाशेजारी फट राहिली की अळ्या होणारच. प्रत्येक कप घट्ट बसला पाहिजे आणि रिकाम्या भोकाला बूच हवं. काढणीनंतर तळाचं उरलेलं द्रावण तितकंच साधं पाणी मिसळून कुंड्यांना घाल. पुढच्या लावणीत ते वापरू नकोस, त्यात कोणता क्षार किती उरलाय ते मीटर सांगत नाही. आतला कागद घासून धू, लिटरला १० मिली ब्लीच घातलेलं पाणी अर्धा तास ठेव, खळखळून काढ आणि वाळव.

दिवाळीपर्यंत खोकं आणि खतं जमवून ठेव. बी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाक, म्हणजे गड्डे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भरतील. पहिल्या वेळी चार लेट्यूस आणि दोन पालक पुरे. पाण्याचा टीडीएस मोजलास की आकडा कळव, जास्त निघाला तर प्रमाण बदलून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत